कार्डावरचं नदीचं नाव

मी एकतीस वर्षं बँकेच्या खिडकीमागे काढली. मानिक चौकापासून आमची शाखा चालत पाच मिनिटांवर. चौकातले सराफ आणि कापडवाले रोजचेच, आणि सकाळच्या बसने टहरौली-मऊरानीपूरकडची माणसं उतरली की तीही सरळ माझ्या खिडकीशी यायची. सगळ्यांना मी एकच सांगत आलो : पैसा घरात ठेवू नका, सरकारच्या हाती द्या, सरकार कुणाचं बुडवत नाही. हे मी पगारासाठी म्हणत नव्हतो, मला ते खरंच वाटायचं. आमच्या घरात सात पिढ्या कुणा ना कुणा सरकारची चाकरी झाली. आधी मराठ्यांची, मग साहेबाची, मग दिल्लीची. सरकार बदललं तरी सरकारी कागदावरचा विश्वास बदलला नाही. तो आता माझ्यापाशी उरलेला नाही. कसा गेला ते सांगायचं तर आईपासून सुरुवात करावी लागेल, आणि त्यात मी स्वतः काही फार चांगला दिसणार नाही.

आईला नावं दोन. तिचं माहेर सागरचं, आमच्यासारखंच दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात येऊन रुजलेलं. तिच्या आईने ठेवलेलं नाव एका नदीचं होतं. अठराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तबकात तांदूळ पसरले आणि वडिलांनी अंगठीने त्यांत तिचं नवं नाव लिहिलं. ते एका देवीचं. नाव आजोबांनी ठरवलेलं होतं. वडिलांना ते आदल्या दिवशी कळलं आणि जिचं होतं तिला सगळ्यांच्या शेवटी, तबक पुढे आलं तेव्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने त्या नावाने चार हाका मारल्या आणि आई चुलीशी तशीच बसून राहिली. आपल्याला बोलावताहेत हे तिच्या ध्यानातच आलं नाही. "बहिरी पोर पदरात पडली की काय," असं आजी शेजारणीपाशी म्हणाली. ही गोष्ट आई हसत हसत सांगायची आणि आम्हीही दर वेळी हसायचो.

पुढे दोन्ही नावं मागे पडली. घरात ती वहिनी झाली, मग काकू, मग आई. गल्लीसाठी ती अम्माजी होती. देवीचं नाव वडिलांच्या रेल्वेच्या कागदांत राहिलं आणि वडील गेल्यावर तिथून पेन्शनीच्या पुस्तकात उतरलं. नदीचं नाव कुठेच नव्हतं. तिचे भाऊ एकेक करून गेले, आणि त्या नावाने तिला हाक मारणारं कुणी जिवंत राहिलं नाही.

मग आधार कार्डाची शिबिरं सुरू झाली. आमच्या भागातलं शिबिर एका शाळेत होतं. आईला घेऊन मी दोन तास रांगेत उभा होतो. यंत्रापाशी बसलेल्या माणसाने वर न बघताच विचारलं, "अम्मा, नाम बताइए." मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने नाव सांगितलं. नदीचं. अडखळली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पन्नासएक वर्षांत तिला तिचं नाव कुणी थेट विचारलं नव्हतं. आमच्या घरात नाव विचारलं तर उत्तर पुरुष देत. त्या माणसाने विचारलं, तिने सांगितलं, आणि पडद्यावर ते उमटलं.

मी बँकेतला माणूस. घोटाळा होणार हे मला तेव्हाच कळलं होतं. एका वाक्यात दुरुस्त करता आलं असतं. पण आईचा चेहरा बघितला आणि गप्प बसलो. कार्ड घरी आलं तेव्हा तिने ते मला प्लास्टिकमध्ये घालून आणायला लावलं आणि देवघराच्या खणात ठेवलं. अधूनमधून दुपारी चष्मा लावून ती ते बाहेर काढायची. "बघ, सरकारला ठाऊक आहे," असं एकदा मला म्हणाली. मी हसलो, पण मला आनंदच झाला होता. ज्या सरकारवर माझा इतका विश्वास, त्याने माझ्या आईला तिचं नाव परत दिलं, याहून मोठा पुरावा मला नको होता.

कार्ड खात्याला जोडायची पाळी आली तेव्हा खिडकीत मीच बसलो होतो. पेन्शनीच्या खात्यावर देवीचं नाव, कार्डावर नदीचं. नाव जुळतं का, या चौकोनात मी खूण केली. माझी आई होती ती, मी तिला ओळखत होतो.

त्यानंतर कितीतरी वर्षं काही झालं नाही. मी निवृत्त झालो. शाखेत आता माझ्याच हाताखाली शिकलेला एकजण मॅनेजर आहे, तो मला अजून सर म्हणतो. मागच्या वर्षी काही कामाने गेलो तर भिंतीवर डिजिटल रुपयाचं पोस्टर लागलं होतं. मॅनेजरने चहा मागवला आणि समजावून सांगितलं की ही नोटच आहे, खुद्द सरकारची, फक्त कागदाची नाही. खात्यातून काढायची आणि फोनमध्ये पाकिटासारखी ठेवायची. त्याला वरून पाकिटं उघडून घेण्याचं काम दिलेलं होतं, हे त्याने लपवलं नाही. मला दोनदा सांगावं लागलं नाही. माझं पाकीट मी तिथेच उघडलं आणि घरी येऊन आईचंही उघडायला बसलो. ब्याऐंशी वर्षांची बाई दूधवाल्याला सरकारी डिजिटल रुपया देते, हे मला गल्लीला दाखवायचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आई शेंगा सोलत होती. पाकिटासाठी नाव, कार्डाचा नंबर, फोटो असं मी विचारत गेलो, तेव्हा ती म्हणाली, "नोट देताना कुणी नाव विचारत नाही रे. हिला कशाला हवं माझं नाव?" मी तिला सुरक्षेवर चार वाक्यं ऐकवली. फोनने तपशील जुळत नाहीत म्हणून सांगितलं. मी पुन्हा भरलं. तीन वेळा भरलं. चौथ्या दिवशी कळलं की तिचं पेन्शनीचं खातंच रोखून धरलं आहे. पेन्शन जमा होत होती, पण काढता येत नव्हती. यंत्राच्या मते पेन्शन एका बाईची होती आणि कार्ड दुसरीचं. त्यातली एक खोटी असणार, एवढंच त्याला कळत होतं.

मी निर्धास्तपणे शाखेत गेलो. आपलीच शाखा, आपलाच माणूस. मॅनेजरने खुर्ची दिली, चहाही दिला आणि मग कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. रोखणं वरून झालं होतं, सोडणंही वरूनच व्हायचं. "सर, मैं आपको जानता हूँ, माताजी को जानता हूँ," तो म्हणाला. "लेकिन जानने का खाना अब फॉर्म में नहीं है." ओळखीचा चौकोनच आता फॉर्मात उरला नव्हता.

मग सुरू झाल्या खेपा. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करून दिलं. ते परत आलं, लग्नाचा दाखला जोडा म्हणून. लग्नाचा दाखला कुठून आणणार? नाव लिहिलं होतं तांदळांत, आणि ते तांदूळ त्याच आठवड्यात कुणीतरी शिजवून खाल्ले असतील. नगरसेवकाचं पत्र नेलं, जुनं रेशनकार्ड नेलं. मी स्वतः लेखी दिलं की ही माझी आई आहे. तिसऱ्या महिन्यात मी मॅनेजरवर आवाज चढवला. एकतीस वर्षं या बँकेला दिली, असं काहीतरी बोललो. तो चिडला नाही. हळूच म्हणाला, "सर, आप ही ने तो सिखाया था. काग़ज़ बोलता है, आदमी नहीं."

ते माझंच वाक्य होतं. आणि ते मी पहिल्यांदा कधी म्हटलं तेही मला तिथे बसल्या बसल्या आठवलं. टहरौलीकडची एक बाई होती. नवरा गेलेला, त्याचे थोडे पैसे खात्यात, आणि वारस म्हणून तिचं गावातलं हाकेचं नाव घातलेलं. कार्डावर दुसरंच. ती तीनदा बसने आली आणि तीनदा मी तिला परत पाठवलं. शेवटच्या खेपेला तिने दोन्ही कागद खिडकीतून आत सरकवले आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "काए भैया, जे दोई हमई तो आंय." ही दोन्ही मीच तर आहे. मी शेजारच्या टेबलावर शिकत असलेल्या पोराकडे वळून म्हणालो, लिहून ठेव, कागद बोलतो, माणूस नाही. तो पोरगा आज माझ्यासमोर मॅनेजरच्या खुर्चीत बसला होता. त्या बाईचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. ती चौथ्यांदा आली नाही.

मॅनेजरने सोपा रस्ता सांगितला. खात्यावरचं नाव बदललं तर पेन्शनीचे सगळे कागद मुळापासून बदलायचे, त्यात वर्षं जातील. त्यापेक्षा कार्डावरचं नाव बदला. पेन्शनीचं पुस्तक जोडलं की काम होईल, घरबसल्या होईल. घरी येऊन मी आईला सांगितलं. कार्ड दुरुस्त करायचंय, असे शब्द मी वापरले.

"दुरुस्त म्हणजे?"

देवीचं नाव घालायचं, मी म्हणालो.

तिने देवघराच्या खणाकडे बघितलं. मग म्हणाली, "पेन्शन गेली तर जाऊ दे. तुझ्या घरी दोन पोळ्या मिळतील ना मला? ते नाव राहू दे."

मिळाल्या असत्या. माझ्या पेन्शनीत दोघांचं नीट भागत होतं, हे मी लपवत नाही. औषधंही अडली नव्हती. तिची मागणी परवडणारी होती, आणि आयुष्यात तिने माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. पण माझ्या डोक्यात राग बसला होता. ज्या सरकारची मी जन्मभर वकिली केली त्याने मला माझ्याच खिडकीसमोर भिकाऱ्यासारखं उभं केलं, हे मला सहन होत नव्हतं. मला ते खातं उघडून हवं होतं. आईसाठी हवं होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं होतं.

एका दुपारी ती जरा झोपली होती. मी तिचं कार्ड देवघराच्या खणातून काढलं, नंबर टाकला, पेन्शनीच्या पुस्तकाचा फोटो जोडला. संमती म्हणून ओटीपी यायचा होता. तो माझ्याच फोनवर आला, कारण तिच्या सगळ्या कागदांवर नंबर माझाच आहे. सहा आकडे होते. मी ते भरले आणि सरकारच्या लेखी तिने होकार दिला. कार्ड मी होतं तसं खणात ठेवलं. उठल्यावर तिने चहा केला, तो मी प्यायलो.

तीनेक आठवड्यांनी पोस्टमन आला तेव्हा मी बाजारात होतो. परत आलो तर आई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. मांडीवर फाडलेलं पाकीट आणि दोन कार्डं, जुनं आणि नवं. चष्मा डोळ्यांवरच होता. मला आधी वाटलं, रडते आहे. रडत नव्हती.

"तबकात लिहिलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "ते ठीक आहे, ती परकी माणसं होती. तू तर विचारलंस. मी नाही म्हटलं होतं."

मी पेन्शनीचं बोलू लागलो. महिने किती तुंबले, रक्कम किती झाली, सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. जुनं कार्ड तिने माझ्या हातात दिलं. "हे आता खोटं ना? मग ठेव तुझ्याकडे," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात खातं सुटलं. अडकलेली सगळी पेन्शन एकदम मोकळी झाली. निरोप अर्थातच माझ्या फोनवर आला. खाली एक ओळ होती : आता आपण डिजिटल रुपयाचं पाकीट उघडू शकता. मॅनेजरचा अभिनंदनाचा फोनही आला. मी त्याला धन्यवाद दिले. सरकारने मला फसवलं, असं मी आजही म्हणतो आणि ते खरंच आहे. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. पण तो दुसरा हात कुणाचा होता, हे आमच्या घरात दोघांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन तिच्या खोलीत गेलो. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी आई म्हणून हाक मारली. मग पुन्हा मारली. चार हाका झाल्या, तिने मान वळवली नाही. तिचे कान अजून चांगले आहेत.