कॅझ डोब्रोव्स्कीचे तीन रविवार

"संप मोडणारे वेगळे, बाबा; मी फक्त वाकतो," कॅझ डोब्रोव्स्की एकदा म्हणाला.

त्याचे वडील लुडविक चाळीस वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे राबले, त्यात तीन संप केले. त्यांनी मुलाकडे असं पाहिलं, की तो बसल्या जागी खरोखरच वाकला.

सत्याऐंशीच्या शरदात अमेरिकी फुटबॉलचे मोठे खेळाडू संपावर गेले आणि संघाच्या मालकांनी मिळतील ती माणसं गोळा केली. कॅझ माझ्यासारखाच पावाची गाडी चालवायचा. वय चौतीस, पोट सुटलेलं. पण कॉलेजच्या संघात त्याच्याकडे एक काम होतं: खाली वाकायचं आणि दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा, पंधरा यार्डांवर उभ्या असलेल्याच्या हातात. तो मग चेंडू लाथेने पुढे उडवणार. तेवढ्यावर मालकांनी कॅझला घेतलं. असलं काम चुकलं तरच लोकांना दिसतं. लुडविकनी ते कधीच पाहिलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशीही त्यांची पाळी असायची. आता ते निवृत्त होते, आणि बाबांनी एकदा येऊन बघावं, एवढंच कॅझला हवं होतं.

बाबा आले. पहिले दोन्ही रविवार मैदानाच्या फाटकावर, फलक घेऊन, संपकऱ्यांच्या रांगेत; ती ओलांडून आत जाईल तो गद्दार. कॅझच्या गाडीवर पहिलं अंडं त्यांचंच बसलं.

"नेम झकास आहे, बाबा!"

"गप रे गद्दारा! आणि स्वेटर कुठाय तुझा?"

मग गुरुवारी संप मिटला. पण मोठ्या खेळाडूंची परतायची मुदत हुकली, म्हणून बदलीवाल्यांना आणखी एक सामना मिळाला. रविवारी मी कॅझबरोबर त्याच्या गाडीतून गेलो, तर फाटक मोकळं. फक्त लुडविक, फलकासह.

"अहो काका, संप मिटला," मी म्हटलं.

"त्यांचा मिटला."

कॅझ गाडीतून उतरला आणि थांबला. बाजूने दहा माणसं सहज गेली असती. पण एकट्या बापाची रांग ओलांडायला त्याचे पाय उचलेनात. आतून शिट्टी ऐकू आली.

लुडविकनी घड्याळ पाहिलं आणि फलक भिंतीला टेकवला. "जेवणाची सुट्टी. अर्धा तास. सुट्टीत रांग धरत नाहीत."

"बाबा, आत बसायला बाकं आहेत."

"मग काय, उभ्याने जेवू?"

अर्धं मैदान रिकामं होतं. आम्ही टोकाला, अगदी खाली बसलो. लुडविकनी डबा उघडला. काही वेळाने कॅझ मैदानात आला, वाकला, आणि दोन पायांमधून त्याला मागे, उलटे, तोंडात सॉसेज धरलेले बाबा दिसले.

चेंडू लाथ मारणाऱ्याच्या डोक्यावरून गेला, रेषेवरून गेला आणि आमच्या पायांखालच्या भिंतीवर आदळला.

लुडविक ताडकन उठले. "बघितलंस? केवढा लांब! आणि एवढे धटिंगण अंगावर येताना!" त्यांनी आयुष्यात हा खेळ पाहिला नव्हता. सगळ्या मैदानात ते एकटेच टाळ्या वाजवत होते, सॉसेज काखेत धरून.

प्रशिक्षकाची आरोळी आमच्यापर्यंत आली: "अरे गाढवा, बघत कुठे होतास?"

बाबांनी एकदाचं बघितलं होतं; कॅझ आमच्याकडे पाहून हसत होता. मग त्याने शिरस्त्राण काढलं, बाकावर ठेवलं आणि फाटकाबाहेर निघून गेला.