वरची कोथिंबीर

सातासमुद्रापारच्या टाकानिनीतल्या आमच्या नव्या वसाहतीत बाळासाहेबांना ओळखत नाही तो माणूस कालच राहायला आलेला असणार. कराडच्या मंडईत त्यांचा भाजीचा गाळा होता. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा मुलानं आणि सुनेनं त्यांना इकडे आणलं. गाळा सुटला, पण गिऱ्हाइकाशी बोलायची खोड काही सुटली नाही.

इथे बोलायचं कुणाशी? दिवसभर घर रिकामं. मग बाळासाहेब, आम्हा सगळ्यांचे काका, रोज सुपरमार्केटमध्ये जायचे. तिथे एकाच वस्तूच्या दोन किमती. दुकानाचं सभासद-कार्ड असेल त्याला कमी, नसेल त्याला जास्त. काकांना हे मुळीच पटलेलं नव्हतं. आपलं बिल आपणच करायच्या सेल्फ-चेकआउटवर कुणी कार्डाशिवाय बटर घेताना दिसलं, की ते मागून हात लांबवून आपलं कार्ड टेकवायचे. "क्लब प्राइस," एवढं इंग्रजी पुरायचं. मग समोरचा थांबायचा, हसायचा, दोन शब्द बोलायचा. मीही त्यांच्या कार्डावर कितीदा बटर घेतलंय, खोटं कशाला बोलू.

त्यांची सून उत्तरा त्याच सुपरमार्केटच्या कंपनीत डेटाचं काम करते. कोण काय घेतं ते पाहून त्याला पुढे काय विकायचं, हे तिची सिस्टीम ठरवते. काकांच्या कार्डावर लोकांनी केलेल्या खरेदीवरून, त्या सिस्टीमच्या हिशेबानं, त्यांच्या घरी एक तान्हं बाळ होतं आणि दोन दांडगी कुत्री. बाळ कुणाचं देव जाणे. कुत्री मागच्या गल्लीतल्या, सामोआ बेटांवरून आलेल्या सीनाची. चातुर्मासात कांद्यालाही न शिवणाऱ्या काकांना फोनवर लँब चॉप्सच्या ऑफर यायच्या. आम्ही पोट धरून हसायचो.

उत्तरा मात्र हसली नाही. "बाबा, कार्ड दुसऱ्यांसाठी वापरू नका. सिस्टीम असली कार्डं आपोआप ब्लॉक करते. घरचंच कार्ड म्हटल्यावर मला मध्ये पडता येणार नाही."

"अगं, भाजीवर चार काड्या कोथिंबीर टाकतोच ना आपण? तसंच हे."

"ते गिऱ्हाईक तुमचं होतं, बाबा. हे कंपनीचं आहे."

"आणि कार्ड गेलं तर माझ्याशी बोलणार कोण?"



खोड थोडीच जाते? महिनाभरात कार्ड बंद पडलं. काकांनी जाणंच सोडलं, खिडकीत बसून राहू लागले. मला त्या सिस्टीमचा मनस्वी राग आला. गिऱ्हाईक ओळखायला बसवलेली, आणि नेमका हाच माणूस तिला ओळखता आला नाही.

एका शनिवारी उत्तरानं त्यांना बळेबळेच दुकानात आणलं. मी त्यांच्या मागेच उभा होतो. काकांनी बटर आणि कोथिंबिरीची जुडी स्कॅन केली. सवयीनं हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला.

तेवढ्यात शेजारून एक जाडजूड हात पुढे आला आणि कार्ड टेकलं. सीना.

"क्लब प्राइस, बाला," ती म्हणाली आणि त्यांच्या गुडघ्यांकडे पाहून विचारलं, "हाउ आर द नीज?"

काका जन्मभर वरचं देत आले होते, घ्यायचं कसं ते ठाऊक नव्हतं. डोळे भरून आले. उत्तरा माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मी काही पाहिलं नाही हं."

काकांनी डोळे पुसले, जुडीचं रबर काढलं आणि अर्धी कोथिंबीर सीनाच्या पिशवीत वर ठेवली.