फाटकातली वर्दी

आमच्या गल्लीत कुणाकडे जायचं तर बेल वाजवावी लागते. एका घराला तेवढी गरज नव्हती. त्या घराचा मालक सकाळी दहापासून फाटकातच सापडायचा. निवृत्त इंजिनिअर, पंचाहत्तरी ओलांडलेले, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि हातात दुरुस्तीला आलेलं कुणाच्या तरी मिक्सरचं भांडं. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या पत्नीला अक्का. मीही तेच म्हणू लागलो.

बंगळुरूतल्या येलहंक्याच्या जुन्या भागातलं हे घर. अण्णांचं घराणं इथं इतक्या पिढ्यांपूर्वी आलेलं की कुठून आलो हे त्यांना सांगता येत नसे, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. मी पुण्याहून नोकरीसाठी आलो आणि निवृत्त होऊनही इथंच राहिलो. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं. माझ्या मराठीत, ते म्हणायचे, निम्मा उपदेश असतो. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी पुणेकर.

पाहुणा फाटकाशी पोहोचला की अण्णा घराकडे तोंड करून वर्दी देत. "पुणेकर आले. निळा शर्ट. बिनसाखरेचे." शेजारचे बँकेतले गृहस्थ आले तर, "बँकवाले आले. पांढरा शर्ट. हातात फणस." आवाज असा की समोरचा इस्त्रीवाला मान वर करून फणस बघून घ्यायचा. आतून अक्का शांतपणे कन्नडातलं 'बरं' म्हणायच्या, "सरी, या," आणि थोड्या वेळानं ज्याची त्याला हवी तशी कॉफी येई. आठ वर्षांत माझ्या कॉफीत एकदाही साखर पडली नाही.

मला समारंभाचं वावडं आहे. हार, शाल, 'आपल्या लाडक्या पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे' हे सगळं पाहिलं की मी मागचं दार शोधतो. त्यामुळे ही वर्दी मला सुरुवातीला जड गेली. एवढ्या साध्या माणसाला ही चोपदारकीची हौस का, ते कळेना. एकदा मी म्हणालोही, की अण्णा, पुढच्या वेळी एखादा तुतारीवाला ठेवा. ते स्क्रू आवळत होते. वर न बघता म्हणाले, "तुतारीला शर्टाचा रंग सांगता येत नाही, पुणेकर."

मी हसलो. चांगलं उत्तर म्हणून ते दोन ठिकाणी सांगितलंही.

त्यांच्या घरात आणखीही काही गमती होत्या. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर त्यांनी लोखंडी नट चिकटवले होते. साखरेला एक, कॉफीच्या पुडीला दोन, मिठाला तीन. गच्चीच्या जिन्याच्या कठड्यावर शेवटच्या पायरीपाशी कानशीनं एक खाच पाडली होती. गॅसच्या बटणाला बारीक खिळा जोडला होता. हे कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, जन्मभर इंजिनं खोलली, आता हात स्वस्थ बसत नाहीत. विमानांच्या इंजिनांची दुरुस्ती करणाऱ्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. आमच्या डोक्यावरून सरावाची विमानं जातात तेव्हा गल्लीतलं बोलणं थांबतं. अण्णा तेवढा वेळ बोट वर करून ऐकत आणि आवाज विरला की सोडलेल्या शब्दापासून पुढं बोलत.

जानेवारीतल्या एका सकाळी ते फाटकात नव्हते. आदल्या संध्याकाळी छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं होतं. दोन दिवसांनी ते गेले.

शोकसभा गल्लीच्या मंडळानं घेतली. फ्लेक्सवर अण्णांचा एक फोटो होता आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे सात. अध्यक्षांनी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून एकच पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं. तीच भरून निघणार नव्हती. मग स्वतः मंडळासाठी काय काय केलं ते सांगितलं. त्यात अण्णांनी मंडळाचा माइक दोनदा दुरुस्त केल्याचा उल्लेख आला, आणि त्या क्षणी माइक बंद पडला. कुणी हसलं नाही. तो माइक आता कोण बघणार हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं असावं.

शेवटी कारखान्यातले एक जुने सहकारी उठले. ते बिनमाइकचेच बोलले. म्हणाले, तुम्ही सगळे आनंदी, बोलक्या, लोकांत रमणाऱ्या माणसाबद्दल सांगताय. मी चुकून दुसऱ्याच्या सभेला आलो की काय असं मला वाटायला लागलंय. बत्तीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर होतो. ते डबासुद्धा एकटे खायचे. विचारलं तर उत्तर द्यायचे, तेही कमीत कमी शब्दांत. लोकांनी हे बोलणं वृद्धापकाळाचा परिणाम समजून त्या सहकाऱ्यांकडे मायेनं पाहिलं. मीही.

त्यानंतर आठवड्यानं मी अण्णांच्या घरी गेलो. सकाळचे अकरा. फाटक ढकललं, पण वर्दी झाली नाही. दार उघडंच होतं. अक्का समोरच्या खुर्चीत होत्या. अशा घरात पहिलं वाक्य काय बोलायचं हे मला आजवर जमलेलं नाही, म्हणून मी हात जोडले आणि बसलो. अक्का हसून म्हणाल्या, "या, बसा." मग मुलीचा फोन येऊन गेल्याचं सांगितलं, यंदाच्या थंडीचं सांगितलं. मी माना हलवत राहिलो. त्या उठून आत गेल्या आणि कॉफी घेऊन आल्या.

कॉफी गोड होती.

शोकात माणसं विसरतात, असं मनाशी म्हणून मी दुसरा घोट घेतला. अक्का माझ्या खांद्याच्या जरा बाजूला पाहत होत्या. त्या नेहमीच तशा पाहायच्या. मी तो जुन्या वळणाचा संकोच समजत आलो होतो. मग त्यांनी विचारलं, "बँकेला आज सुट्टी आहे काय?"

मी त्या दिवशी पांढरा शर्ट घालून गेलो होतो.

"अक्का, मी आहे," मी म्हणालो.

आवाज ओळखून त्यांचा चेहरा उतरला. पदर सारखा केला, कपाकडे हात नेला, तो टेबलाच्या कडेवर थांबला. मग अगदी हळू म्हणाल्या, "दारातच सांगायचं नव्हं काय. हे सांगायचे."

नंतर त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. अण्णांच्या निवृत्तीच्या वर्षीच अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडू लागला. कडेचं दिसतं. दार दिसतं, खिडकी दिसते, माणसाचा शर्ट अंधुक दिसतो. समोरच्याचा चेहरा तेवढा दिसत नाही. डॉक्टरांनी हे आता वाढेल, कमी होणार नाही असं सांगितलं. अक्कांनी देवळात जाणं सोडलं, लग्नाकार्याला जाणं सोडलं, कारण ओळख न दाखवता पुढं गेल्यावर लोक गर्विष्ठ म्हणू लागले होते. खरं सांगितलं तर लोक हात धरायला येतील, आणि हात धरलेला त्यांना आवडत नाही. मग अण्णा म्हणाले, तू जाऊ नकोस, मी लोकांना इकडंच आणतो.

"लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर मला वाटायचं, ह्यांना मराठी येत नाही," अक्का म्हणाल्या. "एवढं कमी बोलणारा माणूस. रिटायर झाले आणि बोलायला शिकले."

मला साखरेच्या डब्यावरचा एक नट आठवला. कठड्यावरची खाच, गॅसचा खिळा, फणस. रोज तिथं जाणारा, चार पुस्तकं वाचलेला, लोकांचा डामडौल बरोब्बर ओळखतो असा गर्व असलेला माणूस मी. एका माणसानं आठ वर्षं माझ्या डोळ्यांसमोर दिवसातून दहा वेळा केलेली गोष्ट मला दिसली नव्हती. वर मी तिला तुतारी सुचवली होती.

अक्कांना आता एकच भीती होती. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला चौदाव्या मजल्यावर राहते. आईला किती दिसतं हे तिला कळलं तर ती इथं ठेवणार नाही. या घरातली प्रत्येक पायरी अक्कांच्या पायाला पाठ होती. "तिथं लिफ्टची बटणंसुद्धा सपाट आहेत," त्या म्हणाल्या. "बोटाला काहीच कळत नाही. तिथं मला कायमचं खुर्चीत बसवतील."

मुलगी रविवारी येणार होती. गल्लीतले चार लोकही भेटायला येणार. अक्कांनी मला विचारलं, त्या दिवशी फाटकात स्वल्प उभं राहाल काय? मी म्हणालो, अक्का, मुलीशी मी खोटं बोलणार नाही.

"खोटं कुठं म्हणते मी," त्या म्हणाल्या. "शर्टाचा रंग खरा सांगा की."

रविवारी मी फाटकात उभा राहिलो. आयुष्यात इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं. बँकवाले आले तसं मी घराकडे तोंड करून सांगितलं, "बँकवाले आले. पिवळा शर्ट." ते चमकले, मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी माझा खांदा दाबला. मंडळाचे अध्यक्ष आले. त्यांना ही अण्णांना वाहिलेली आदरांजली वाटली. पुढच्या कार्यक्रमात हे घ्यायला हवं असं ते म्हणाले. मी त्यांचीही वर्दी दिली, पांढरा झब्बा. आतून प्रत्येक वेळी येत होतं, "सरी, या." कॉफी ज्याची त्याला बरोबर मिळत होती. मुलगी आईच्या मागं भिंतीला टेकून सगळं पाहत होती.

लोक गेल्यावर ती फाटकाशी आली. तिनं डोळे कोरडेच ठेवले होते.

"काका, उद्या कोण सांगणार?" तिनं विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. वडिलांना ती अप्पा म्हणायची. म्हणाली, "अप्पांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तुला ठाऊक आहे हे आईला कळू देऊ नकोस, एवढंच म्हणाले. मी आज तिला न्यायलाच आले होते. पण अप्पांच्या मागं इथं कुणाला ठाऊक आहे का, ते आधी बघायचं होतं."

वचनं देणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. माझं वय अडुसष्ट, साखर आहे, गुडघा कुरकुरतो. मी म्हणालो, "रोज अकराला मी येतो. संध्याकाळचं बँकवाल्यांशी बोलतो. पण त्यांना खरं सांगावं लागेल, आणि ते आईंना विचारूनच."

तिनं गाडीची किल्ली काढली. मग म्हणाली, एकदा जरी आई पडली किंवा भाजली, तरी मी ऐकणार नाही. मी म्हणालो, ऐकूही नकोस. तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर मोठी रिकामी बॅग होती. ती तशीच रिकामी हेब्बाळमार्गे मारतहळ्ळीला परत गेली.

बँकवाल्यांचं नाव मी काढलं तेव्हा अक्कांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, त्यांना सांगा, पण अध्यक्षांना नको. मुलीला सगळं ठाऊक असल्याचं मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. या घरात कोण कुणापासून काय लपवतं याचा हिशोब अण्णांनी लावून ठेवलेला आहे. त्यात मी हात घालणार नाही.

सोमवारी अकराला मी फाटकाशी गेलो. समोर इस्त्रीवाला होता, भाजीची गाडी होती, दोन बायका गवार निवडून घेत होत्या. मी घसा साफ केला. तेवढ्यात वरून विमान गेलं. बोट वर करावंसं वाटलं, पण ते माझं नव्हतं. मी नुसता उभा राहिलो. आवाज विरला.

"पुणेकर आले," मी म्हणालो. "बिनसाखरेचे."

आत कपबशीचा आवाज झाला.

"शर्ट?" अक्कांनी विचारलं.

मी खाली पाहिलं. "राखाडी."

"राखाडी मला दिसत नाही," अक्का आतून म्हणाल्या. "उद्या निळा घालून या."