नंबर वाटणारी दुसरी पेटी

धाकट्या सुनेला मी रडताना दोनदाच पाहिलं. एकदा तिचे वडील गेले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा घरातलं नेट गेलं तेव्हा. नेट गेलं म्हणून कुणी रडतं का, असं मलाही आधी वाटलं. मग तिनं कंपनीतल्या मॅडमचा मेसेज वाचून दाखवला आणि माझ्या पायाखालची फरशी हलली.

ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. हॉटेलात खोली घेणाऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या, दहा ते सहा, कानाला हेडफोन. बाळ नऊ महिन्यांचं, अंगावर पिणारं. मॅडमनी लिहिलं होतं की पंधरा दिवसांत पाच वेळा तुम्ही मधेच गायब झालात, उद्या शुक्रवारी पुन्हा झालं तर सोमवारपासून ऑफिसला या, नाहीतर राजीनामा पाठवा. लोणावळ्याजवळच्या आमच्या वलवणहून रोज पुण्याला, ते बाळ घरी ठेवून? म्हणजे नोकरी गेलीच म्हणायची.

आता आमच्या घराचं सांगते, त्याशिवाय माझा राग कळायचा नाही. घर एक म्हणतात, पण आहेत दोन. पुढचं काळ्या दगडाचं, त्यात थोरला. मागे अंगण ओलांडून धाकट्याच्या दोन खोल्या. चार वर्षांपूर्वी मोरीच्या पाण्यावरून भांडले आणि चुली वेगळ्या झाल्या. तेव्हापासून हा त्याचा उंबरा ओलांडत नाही, तो ह्याचा. बोलायचंच झालं तर अंगणात उभ्यानं. मी झोपते पुढे आणि जेवते पाळीनं, एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. दोन्ही घरांत पाऊल टाकणारं मोठं माणूस मी एकटी.

नेटची लाइन आणि तिची पेटी, ते राउटर म्हणतात ती, पुढच्या घरात. दगडी भिंतीतून वाय-फायचं वारं काही मागे पोचत नव्हतं. म्हणून धाकट्यानं एक दुसरी पेटी आणली आणि आपल्या खिडकीत ठेवली. पुढच्या पेटीचं वारं पकडायचं आणि मागे पसरायचं, एवढंच तिचं काम. पासवर्ड मागायला मला पाठवलं, सख्ख्या भावाकडे!

पेटी बसली आणि तमाशा सुरू झाला. मागे नेट कधी चाले, कधी नाही. फोनवर सगळ्या रेघा भरलेल्या, पण उघडत काहीच नाही. मग तेच दुखणं पुढेही आलं. थोरला टुरिस्ट गाडी चालवतो, त्याची भाडी फोनवर येतात. तो अंगणात येऊन सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडायचा.

"आये, तिला सांग, समदं नेट वढून घेती ती! दिसभर कानाला लावून बसायचं आन् म्हणं काम करती!"

धाकटा आतून, "दादालाच इचार, मुद्दाम बंद करतो का न्हाई ते!"

आणि मी मधे, पोस्टमन.

धाकट्याचा एकच उपाय. माझ्या पदराची पिन काढून घ्यायची, पेटीच्या मागच्या बारक्या भोकात खुपसायची, पेटी सगळं विसरली की मोबाइलवर व्हिडिओ लावून पुन्हा जोडायची. दोन तास बरं चालायचं, की पुन्हा बोंब.

केबलवाल्याला बोलावलं. तो पुढच्या खोलीत उभा राहिला, मोबाइलमध्ये नेटच्या नावावर बोट दाबलं, आलेला नंबर बघितला. "मावशी, आमच्याकडून लाइन ओके आहे."

"मागे चल ना जरा."

"ती पेटी आमची नाही, मावशी." चहा पिऊन गेला. चहा मात्र आमचा चालला!

तर त्या गुरुवारी दुपारी धाकटी रडत होती. मी मागच्या पायरीवर बसले, डोकं नुसतं तापलेलं. कुणाला शिव्या द्याव्यात कळेना, म्हणून केबलवाल्यानं केलं तेच केलं. नेटच्या नावावर बोट दाबलं. नंबर आला, ठिपके देऊन चार तुकड्यांचा. तिसरा तुकडा एक. नेट बंद. तोच फोन घेऊन पुढे गेले, नेट सोडून पुन्हा धरलं. आता तिसरा तुकडा शून्य, आणि नेट चालू. पुन्हा मागे आले. एक. बंद.

थोरला जेवत होता, त्याच्या ताटाशेजारचा फोन उचलला.

"आये, काय करती?"

"गप जेव." शून्य. चालू. थोरल्या सुनेच्या फोनवर नेट बंद होतं, तो बघितला. पुढच्या घरात असून एक!

तिथंच मला सगळं दिसलं. मी लोणावळ्यात एका डॉक्टरांकडे बरीच वर्षं झाडलोट करायचे आणि पेशंटला नंबराच्या चिठ्ठ्या वाटायचे. एकदा नवीन आलेली मुलगी दुसऱ्या दारात बसून दुसऱ्याच वहीच्या चिठ्ठ्या वाटायला लागली. निम्मे लोक तिच्या चिठ्ठ्या धरून ताटकळले. नंबर हातात, पण माझ्या यादीत नाहीत, मग आत कोण घेणार? इथं तेच झालेलं. चिठ्ठी वाटायची पुढच्या पेटीनं. मागची पेटीसुद्धा वाटत बसली होती, आणि ज्याला तिची आधी मिळाली तो अडकला, मग तो कुठल्याही घरात असो.

धाकटीला म्हटलं, "डोळे पूस. तुझा नवरा लावतो तो व्हिडिओ लाव, माझ्या फोनच्या डेट्यावर. आणि शेवटपर्यंत लाव."

नऊ मिनिटांचा व्हिडिओ. सातव्या मिनिटाला वारं जोडून होतं, तिथंच माझा लेक दरवेळी फोन खिशात घालायचा. आठव्या मिनिटाला तो हिंदीतला माणूस स्पष्ट सांगतो की आता दुसऱ्या पेटीचं डीएचसीपी बंद करा, नाहीतर दोघं नंबर वाटतील. म्हणजे दरवेळी पिन खुपसून हा ते वाटप स्वतःच्या हातानं चालू करत होता! दोन मिनिटं ऐकायचा धीर नाही, आणि बायकोची नोकरी टांगणीला.

धाकटीच्या कॉम्प्युटरला नेट नव्हतं, पण नंबर मागच्या पेटीचाच असल्यामुळे त्या पेटीचं सेटिंग तेवढं उघडलं. तिनं इंग्रजी वाचलं, मी व्हिडिओ थांबवत गेले. बंद केलं, सेव्ह केलं. मग दोन्ही घरांतल्या प्रत्येक फोनला नेट विसरायला लावून पुन्हा धरायला लावलं. सगळीकडे शून्य. धाकटीनं माझा हात घट्ट धरला. दुसरा दिवस अजून जायचा होता.

शुक्रवारी धाकट्याला सुट्टी. अकरा वाजता कसलंसं गाणं अडकलं, आणि हा पिन शोधत पेटीकडे! मी मनगटावर फाडकन मारली.

"आये! लहान हाय का मी?"

"लहान असतास तर ऐकलं असतंस." खुर्ची घेऊन पेटीसमोर बसले, जेवणही तिथंच. सहाला धाकटीनं हेडफोन काढले. एकदाही तुटलं नव्हतं. सव्वासहाला मॅडमचा मेसेज आला. सोमवारपासून घरूनच.

मी आनंदानं नाचायला हवं होतं. पण पंधरा दिवसांचं उकळत होतं ते बाहेर आलं. दोघांना अंगणात बोलावलं आणि थोरल्याला म्हटलं, "साऱ्या आळीसमोर तिला बोललास. आता माफी माग."

"आये, पेटीचा दोष व्हता. माझं काय चुकलं?"

"ओरडली काय पेटी?"

धाकटा हसला. मी त्याच्याकडे वळले. "तू काय हसतोस? तुझी बायको बोलणी खात होती तेव्हा तू आतून ओरडत होतास. बाहेर येऊन एकदा तरी तिच्या बाजूला उभा राहिलास?"

थोरल्यानं गाडीची चावी बोटात फिरवली. मग भिंतीकडे बघून म्हणाला, "बरं, चुकलं म्हणावं तिला."

"मी न्हाई म्हणणार. निरोप न्यायचं आजपासून बंद. दार चार पावलांवर हाय, तूच जाऊन म्हण."

त्यानं दाराकडे पाहिलं. आत धाकटी बाळाला घेऊन उभी होती, सगळं ऐकत होती. तो गाडीत बसला आणि निघून गेला.

सोमवारी दहाला धाकटी कामाला बसली. थोरला अजून ती चार पावलं चाललेला नाही. ती म्हणते, सोडा हो आई, नोकरी राहिली ना. तिनं सोडलं असेल. मी सोडलेलं नाही.