हार घातलेली पेटी

आमच्या घरात डिजिटल फोटो फ्रेम आली ती पुरामुळे. महाडच्या बाजारपेठेजवळ भाड्याने राहणाऱ्यांना पुराचं फारसं नवल नसतं. सावित्रीचं पाणी चढायला लागलं की तांदळाचा डबा, गॅसची टाकी, कपाटातली कागदपत्रं माळ्यावर टाकायची, हे हातांना पाठ झालेलं असतं. त्या वर्षी सगळं वर गेलं आणि सासऱ्यांचा फोटो तेवढा खालच्या कोनाड्यात राहिला. पाणी ओसरल्यावर काचेआड फक्त टोपी आणि एक कान शिल्लक होता. सासूबाई तो कान पदराने पुसत बसल्या होत्या.

नशिबाने आमच्या ह्यांनी तो फोटो आधीच स्टुडिओवाल्याकडून सीडीवर उतरवून घेतला होता. सरळ नवा कागद काढून भिंतीला लावला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण हे पडले ट्रक ड्रायव्हर, रोज कशेडीचा घाट उतरून चिपळूणकडे माल नेणारे, आणि रस्त्यावरच्या दुकानांत मांडलेल्या नव्या वस्तूंवर यांचा भारी जीव. "कागद पुढच्या वर्षी परत भिजेल. फ्रेम कशी, एका हाताने उचलली की अख्खं खानदान माळ्यावर," असं म्हणून आम्हा दोघींना दुकानात घेऊन गेले.

दुकानदाराने फ्रेम सुरू केली. आधी एक परदेशी धबधबा आला, मग सोनेरी केसांची एक मुलगी दात काढून हसली.

"ही कोनाची गो पोर?" सासूबाईंनी मला विचारलं.

"कोणाचीच नाही आई, ती फ्रेमसोबत येते."

"सोबत येते? मंग जेवायला काय घालायचा तिला?"

दुकानदार हसला. मला हसू आलं नाही. माझा स्वभाव मूळचाच धास्तावलेला, त्यात वायर दिसली की मला शॉक दिसतो. लाइट गेली तर काय, कार्ड खराब झालं तर काय, असं मी विचारत राहिले आणि हे मान डोलवत राहिले. शेवटी माझ्या वाट्याला एवढाच निर्णय आला की काळी नको, लाकडी काठाची घ्या. निदान घरातली वाटेल.

घरी आल्यावर ह्यांनी फोटो भरले ते मानाप्रमाणे. आधी वडील, मग आई, मग घरातला कर्ता म्हणून स्वतः, मग मी, मग लग्नातली गर्दी. लग्नाच्या पंगतीत पाटांचा क्रम लावावा तसा. त्यात खटकण्यासारखं कुणालाच काही दिसलं नाही, मलाही नाही. सासूबाईंना फक्त फोटो बदलतात हे पटत नव्हतं. "फोटूतला माणूस एका जागी थांबत नाय, ह्ये काय बरा लक्षण नाय," त्या म्हणायच्या. तरी सकाळी फ्रेमला 'फोटूची पेटी' म्हणून फडक्याने पुसायच्या, आणि सासरे आले की पदर सावरायच्या.

मग पितृपक्ष आला. आमच्याकडे म्हाळाला गेलेल्या माणसाचा फोटो पाटावर ठेवतात, गंध लावतात, हार घालतात आणि पान वाढतात. भिजलेला फोटो नदीत सोडलेला, म्हणून त्या वर्षी पाटावर पेटी मांडली. हे पहाटेच ट्रक घेऊन गेले होते, दुपारच्या आत येतो म्हणून. दुपार झाली तरी पत्ता नाही. फोन लावला की बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. घाटात तसंही रेंज नसते, हे मला माहीत होतं. बाहेर पाऊस जाता जाता पुन्हा फिरला होता, तेही दिसत होतं.

"येळ टळतो वैनी, मीच पान दावतो," चुलत सासरे म्हणाले. ते म्हाळासाठी कापडे गावाहून सकाळच्या एसटीने आले होते.

त्यांनी काचेला गंध लावलं, हार घातला. खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी असं पान मांडलं. आम्ही डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तर हारात सासूबाई. गंधाचा ठिपका बरोबर त्यांच्या कपाळावर.

मी दचकले. त्या मात्र चक्क हसल्या. "बघा भावजी, माझीबी तयारी करून ठेवली. बरा हाय, मी वाटंवरच हाय."

चुलत सासऱ्यांनाही हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच पेटीने पुढचा फोटो आणला. हारात हे. निळा शर्ट, हसरा चेहरा, कपाळावर गंध.

सासूबाई किंचाळल्या. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता, पुरातसुद्धा नाही. "काढ, काढ त्याला तिथून!" मी उठेपर्यंत लाइट गेली. काच काळी पडली, आणि काळ्या काचेवर झेंडूचा हार तसाच लटकत राहिला.

मी हाराला हात घातला तर चुलत सासऱ्यांनी अडवलं. "पितरांना घातलेला हार पान उठायच्या आधी काढू नये."

"पितरांना कुठं, माझ्या पोराला घातलाय तो," सासूबाई म्हणाल्या, आणि मला विचारलं, "आत कोन ऱ्हायला गो?"

"कुणी नाही आई. लाइट गेली की आत कुणी नसतं."

"शेवटाला कोन व्हता?"

मी बी.ए. झालेली, असल्या गोष्टी न मानणारी. पण मी उठून पुन्हा ह्यांना फोन लावला. भीती काही शिक्षणाने जात नाही.

चुलत सासऱ्यांनी कावळ्यासाठी काढलेली वाडी पत्र्यावर ठेवली. एरवी आमचा कावळा तासभर हाका मारून येत नाही, त्या दिवशी ठेवायचा अवकाश की झडप घालून गेला. चुलत सासरे म्हणाले, दादा तृप्त झाला. सासूबाईंचा चेहरा आणखी उतरला. एवढ्या घाईने कुणाचं पान उचललं, हे त्यांच्या मनात आलं, कारण तेच माझ्याही मनात आलं होतं.

दुपार कलली तेव्हा शेजारी स्टँडवरून बातमी घेऊन आला, कशेडीत दरड आली, रस्ता बंद. गाड्या दबल्यात का, ते त्याला सांगता येईना. सासूबाई पाटासमोर बसल्या त्या बसल्याच. जेवल्या नाहीत, म्हणून कुणीच जेवलं नाही. मी दर थोड्या वेळाने फोन लावत होते आणि ती बाई तेच सांगत होती. तिच्या शांत आवाजाचा मला असा संताप आला की फोन आपटावासा वाटला. मनात वाईट आलं की दुसरं काही आणायचा प्रयत्न करायची, वायर, रेंज, लाइट. फिरून फिरून निळा शर्टच यायचा.

दिवेलागणीला हे दारात उभे राहिले. गुडघ्यापर्यंत चिखल, चप्पल हातात. ट्रक दरडीच्या पलीकडे अडकला होता. हे दगडमातीवरून चालत अलीकडे आले होते आणि पोलादपूरहून मिळेल त्या गाडीने घरी. मी रडायलाच लागले. सासूबाई रडल्या नाहीत. भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन त्यांनी मुलाला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, तुकडा ओवाळून लांब फेकला, पाय धुतले, मग आत घेतलं. नंतर स्वतःच्या हाताने हार काढला आणि तुळशीत टाकला. ह्या वेळी चुलत सासऱ्यांनी अडवलं नाही.

सगळं ऐकून हे खिरीची वाटी तोंडाला लावत म्हणाले, "रिमोटवर थांबवायचं बटण होतं की."

रिमोट ह्यांनीच सेल उतरतील म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवला होता. त्या क्षणी मी नवऱ्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी फर्मान काढलं, "मेलेला भिंतीला, जिता पेटीत." सासऱ्यांचा फोटो कागदावर काढून, प्लास्टिकमध्ये बंद करून उंच खिळ्याला टांगला. पेटीतून त्यांना काढलं. आता सासूबाई पहिल्या, मग हे. पण मला त्या पेटीची धास्ती बसली ती बसलीच. हे घाटात असले आणि नेमकी ह्यांच्या फोटोवर लाइट गेली, की लाइट येईपर्यंत माझं कशात लक्ष लागायचं नाही.

काही वर्षांनी सासूबाई आजारी पडल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ आम्ही त्यांना सांगितला नाही, त्यांनी विचारलाही नाही. पुढच्या खोलीत खाटेवर पडून त्या पेटीकडे बघत असायच्या. एका दुपारी मला हाक मारली.

"माझा फोटू काढ त्यातून."

"असं काय बोलता आई?"

"काढ गो. मी गेल्यावर रडारडीत कोनाच्या ध्यानात ऱ्हानार नाय. आन माझ्या मागून माझा पोरगा येतो."

मी रिमोट घेतला. बटण दाबल्यावर काचेवर इंग्रजी अक्षरं आली आणि तिथेच थांबली.

"काय इचारते ती?"

"नक्की काढू का, असं विचारतेय."

"हां म्हन तिला. जिती हाय तवर मीच सांगते."

मी दाबलं. काच क्षणभर काळी झाली आणि निळ्या शर्टात हे हसले. सासूबाईंनी दोन्ही हात उचलून काचेच्या दिशेने ओवाळले आणि कानशिलांवर टेकले. पण बोटं मोडण्याइतका जोर त्या हातांत उरला नव्हता. मी जवळ गेले, ह्यांच्या फोटोवरून हात ओवाळले आणि माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकड वाजली.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "केवढी दिष्ट लागली व्हती."