भुंगेरावांचं नाक

भुंगेरावांशी माझी पहिली ओळख झाली ती कानांनी. संग्रहालयात जुन्या तलवारी बघत होतो, आणि पलीकडच्या दालनातून असा आवाज आला की माझी खात्रीच पटली, तिथल्या दगडी हत्तीच्या सोंडेत मधमाश्यांनी पोळं केलंय आणि आता त्यांच्यात वाटणीवरून भांडण लागलंय. काचेतल्या तलवारी थरथरल्या. पहारेकरी मात्र निवांत.

"काही नाही हो," तो म्हणाला, "आमचा गाईड परदेशी पाहुण्यांशी बोलतोय."

पाहुणे गेल्यावर हाच माणूस माझ्याशी बोलला तो खणखणीत आवाजात. पण परदेशी शब्द आला रे आला, की आवाज तोंडाचा रस्ता सोडून नाकात शिरायचा. म्हणून सगळे त्यांना भुंगेराव म्हणत, आणि तेही खुशाल ओ देत. पर्यटकांना वाटे, बिचाऱ्याला सर्दी झालीय. फेरी संपली की कुणी हातावर गोळ्या ठेवी, कुणी मलमाची डबी. घरातलं एक कपाट त्यांनीच भरलं होतं.

मग नव्या संचालकबाई आल्या. त्यांनी एकदाच ऐकलं. "पुढच्या आठवड्यात मी तुमच्या फेरीला येणार आहे. तेव्हाही असंच असेल, तर परदेशी गट दुसऱ्याकडे. तुम्ही तिकीट खिडकीवर बसा."

तलवारींना सोडून तिकिटं फाडायची, या विचारानं भुंगेरावांना जेवण जाईना. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, घरी मुलांना गाणं शिकवत. त्यांनी चौकशी सुरू केली.

"अहो, ही भाषा तुम्हाला शिकवली कुणी?"

"आमच्या सरांनी. काय अस्सल उच्चार होता."

"ते बारा महिने चोंदलेले असायचे. आपल्या लग्नातसुद्धा शिंकत होते. तुम्ही भाषा नाही शिकलात, त्यांची सर्दी पाठ केलीत."

"सरांबद्दल बोलायचं काम नाही."

"मी नाकाबद्दल बोलतेय. इकडे या." वहिनींनी दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून त्यांच्या नाकाला लावला. "आता बोला. आवाज गुदमरला की समजायचं, नाकातून चाललाय. जांभई देताना घसा उघडतो ना, तसा उघडा ठेवा."

आठवडाभर त्या घरात चिमटा आणि जांभया. मी चहाला गेलो, दोन कप पिऊनही पेंगत परतलो.

फेरीच्या दिवशी मीही हळूच गटात घुसलो. भुंगेरावांनी सवयीनं आधी एक प्रचंड जांभई दिली. पाठोपाठ साऱ्या गटानं दिली. संचालकबाईंनी रुमालाआड दिली. मग भुंगेराव बोलू लागले, आणि दालनभर स्वच्छ, मोकळा आवाज घुमला. दगडी हत्तीनंही सुटकेचा श्वास सोडला असेल.

शेवटच्या तलवारीपाशी एका आजीबाईंनी पर्स उघडली. भुंगेरावांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

आजीबाईंनी चष्मा काढला, नाकावर चढवला आणि तलवारीची मूठ बघायला वाकल्या.

परदेशी गट भुंगेरावांकडेच राहिले. त्या हिवाळ्यात त्यांना खरोखरची सर्दी झाली. कपाटातल्या गोळ्यांची मुदत संपलेली होती, त्यामुळे विकत आणाव्या लागल्या.