तिसरी स्वयंसेविका

आमच्या केंद्राचा निधी इतर केंद्रांपेक्षा जास्त जमतो, हे शहरातल्या मुख्य कार्यालयाच्या लक्षात आलं. त्यांनी त्याचं कारण शोधलं नाही, थेट माझं कौतुक करायचं ठरवलं. मी तेव्हा जवळा बाजारला जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. हिंगोली जिल्हा नवा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि नव्या जिल्ह्यात प्रत्येक संस्थेला आपली एक शाखा पाहिजे होती. कॅन्सरच्या रुग्णांना मदत करणाऱ्या एका संस्थेचं केंद्र तसं आमच्याकडे आलं. केंद्रप्रमुख मी, कारण माझा आवाज बरा होता आणि गावातल्या सगळ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मीच करायचो. त्या आजाराबद्दल मला काय कळतं हे कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं.

खरं कारण सांगायचं तर लोक भीतीपोटी देत होते. आमच्याकडे त्या आजाराचं नाव कुणी तोंडातून काढत नसे. ‘ती बिमारी’ म्हणायचं, तेही आवाज उतरवून. मी पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहिलो की बायका लगबगीनं सुपात ज्वारी आणायच्या, दिवस कापसाचे असले तर कापूस आणायच्या, आणि हात जोडून म्हणायच्या, “घ्या गुरुजी, अन् फुडं जा.” तो आजार मीच बरोबर घेऊन हिंडतो अशी त्यांची समजूत असावी. एरवी सणाला आग्रहानं बोलावणारी माणसं मला उंबऱ्याच्या आत घेईनात. एका घरानं बकरीचं पिल्लू दिलं. ते दोरी तोडून परत आपल्या आईकडे पळालं, तर घरच्यांनी ते पुन्हा आमच्या दारात आणून बांधलं. दिलेलं परत आलं तर बिमारीही मागोमाग येईल म्हणाले. अहवालात मी या सगळ्याला ‘जनजागृती’ असा शब्द वापरला होता.

तर अशा केंद्राला हिंगोलीच्या ‘निधी-संकलन नेतृत्व परिषदे’चं बोलावणं आलं. चैत्राचा महिना, लग्नसराईतला एक मोकळा दिवस पाहून मंगल कार्यालय धरलेलं. प्रत्येक केंद्रानं तीन स्वयंसेवक आणायचे होते. आमच्याकडे दोनच होते, मी आणि माझी बायको. तीसुद्धा मी केंद्रप्रमुख झालो म्हणून आपोआप स्वयंसेविका झालेली. तिसरं माणूस काही मिळेना. त्या आजाराचा बिल्ला छातीवर लावून हिंगोलीच्या रस्त्यानं हिंडायला कोण तयार होणार?

मग आक्का तयार झाली.

आक्का म्हणजे आमच्या घरामागच्या वस्तीवर मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई. पन्नाशीच्या अलीकडची, उंच, कमी बोलणारी. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणायचो आणि तिच्या नवऱ्याला दाजी. तिच्या लेकीचं लग्न होऊन गेलं, आक्का स्वतःही आता नाही, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

तिच्या छातीत गाठ होती. दिवाळीपासून. हे तिनं फक्त माझ्या बायकोला सांगितलं होतं आणि बायकोनं मला, तेही परिषदेच्या आठ दिवस आधी. दवाखान्यात न जाण्याचं कारण साधं होतं. लेकीची सोयरीक आखाडा बाळापूरला ठरली होती, वैशाखात लग्न. आईला झालं म्हणजे लेकीच्या अंगात ते असणारच, असं आमच्याकडे धरून चालत. हिंगोलीच्या दवाखान्यात नवऱ्या मुलाचा चुलता कंपाउंडर होता. औंढ्याला जावं तर तिथं बाळापूरची माणसं सारखी नागनाथाच्या दर्शनाला यायची. बाईमाणूस मेंढरं सोडून शहरात निघाली तर गाव विचारणार, काहून चालली? नवऱ्यालाही तिनं सांगितलं नव्हतं. तो भोळा, सोयऱ्यांसमोर बोलून जाईल, ही तिची भीती.

परिषदेला शहरातली एक डॉक्टरबाई पाहुणी म्हणून येणार होती. बेत माझ्या बायकोचा. आक्कानं बिल्ला लावून आमच्याबरोबर यायचं. स्वयंसेविका डॉक्टरबाईंशी बोलली तर कुणाला काय वाटणार? मंगल कार्यालयात नवरीची खोली असते, तिथं दहा मिनिटं दोघींना बसवायचं. “येवढंच काम हाय तुमाला,” बायको मला म्हणाली. “माइक तुमच्याच हातात राहनार. डॉक्टरबाई आल्या की पयलं हे करायचं, मंग काय बोलायचं ते बोलत बसा.”

मी हो म्हणालो. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं याचा आनंद मला इतका झाला होता की मी कशालाही हो म्हणालो असतो.

परिषद दहाची होती, साडेअकराला सुरू झाली. सकाळच्या सत्रात शहरातून आलेला एक प्रशिक्षक होता. टाय लावलेला, ऊन बघून हबकलेला. त्यानं सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. “समोर एक डोंगर आहे असं समजा. तुम्ही शिखरावर आहात. खाली काय दिसतंय?” पंखे बंद पडले होते, पोटात सकाळचे पोहे होते. पाच मिनिटांत निम्मी सभा घोरायला लागली. उरलेल्या निम्म्या सभेला त्यानं विचारलं, तुम्ही हे काम का करता, प्रेरणा कुठून मिळाली? एक जण म्हणाला, साहेबांनी सांगितलं म्हणून. दुसरा म्हणाला, प्रमाणपत्र मिळतं. प्रशिक्षक आक्काजवळ आला. ती तिसऱ्या रांगेत माझ्या बायकोशेजारी बसली होती, पदरावर बिल्ला.

“तुम्ही का आलात, मावशी?”

“डॉक्टरबाईला भेटायला,” आक्का म्हणाली.

“वा,” तो म्हणाला, आणि फळ्यावर त्यानं ‘आदर्श व्यक्ती’ असं लिहिलं.

डॉक्टरबाई दोन वाजता पोहोचल्या आणि चारला त्यांना निघायचं होतं. बायकोनं मला डोळ्यानं खुणावलं. मीही खुणावलं, की फक्त दीपप्रज्वलन होऊ दे. दीपप्रज्वलन झालं. मग स्वागत. आता आमच्याकडे स्वागत म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. व्यासपीठावर सोळा माणसं होती. एकाला शाल-श्रीफळ दिलं की पंधरांना द्यावंच लागतं. देणाऱ्याचाही मान असतो, म्हणून प्रत्येकाला देणारा वेगळा. देणाऱ्याचं नाव माइकवरून चुकलं किंवा मागंपुढं झालं तर तो माणूस वर्षभर रस्त्यात भेटला तरी तोंड फिरवून जातो. मी एकालाही विसरलो नाही. प्रत्येकासाठी दोन ओळी तयार ठेवल्या होत्या, त्या म्हटल्या. लोक टाळ्या देत होते आणि मी रंगात आलो होतो.

तीन वाजून गेले तेव्हा बायकोनं मला चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत काही लिहिलेलं नव्हतं, कागद कोराच होता. तिचा राग मला कळला. पण मंडपवाल्याचा सत्कार राहिला होता, तो सोडला असता तर त्यानं सतरंज्या ओढायला कमी केलं नसतं. मग डॉक्टरबाई बोलल्या, छान बोलल्या, लवकर दाखवा म्हणाल्या. मग अध्यक्षीय भाषणाच्या आधी अजून तीन सत्कार निघाले. मी समोर पाहिलं. आक्का माझ्याकडे बघत नव्हती. ती डॉक्टरबाईंच्या हातातल्या घड्याळाकडे बघत होती, आणि बाईंनी पर्स मांडीवर घेतली होती.

माइक खाली ठेवून बाईंच्या कानात सांगायचं सोडून मी माझ्या स्वभावाप्रमाणे माइकवरच मार्ग काढला. मी जाहीर केलं की आमच्या केंद्राच्या एक निरपेक्ष स्वयंसेविका, ज्यांनी ऊन पाहिलं नाही, पाऊस पाहिला नाही, त्यांचा सत्कार प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते होईल. निदान दोघी शेजारी तरी येतील, पुढचं पुढं बघू, एवढाच माझा विचार.

आक्का उठली. सभेकडे न बघता पायऱ्या चढून आली. डॉक्टरबाईंनी हसून शाल उलगडली आणि तिच्या खांद्यांवरून पुढं आणली. तेव्हा आक्कानं त्यांचा उजवा हात मनगटाला धरला आणि शालीच्या आत, डाव्या बाजूला नेऊन ठेवला.

समोर दोन-तीनशे माणसं होती. कुणाला काही दिसलं नाही. मलाही दिसलं ते एवढंच, की शाल पांघरायला फार वेळ लागतो आहे. तो वेळ भरून काढायला मी सेवेवर बोलत राहिलो. फोटोवाला म्हणत होता, “मॅडम, इकडं बघा.” मॅडम बघत नव्हत्या. त्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं होतं आणि डोळे भलतीकडेच लागले होते, जणू त्या बोटांनी काहीतरी वाचत होत्या. आक्का ताठ उभी होती. तिनं डोळे मिटले नाहीत की मान खाली घातली नाही. मग बाईंनी हात काढला, शाल नीट केली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “माइक बंद करा.”

“अध्यक्षांचं भाषण राहिलंय, मॅडम.”

“मग ते चालू ठेवा. या माझ्याबरोबर येतायत.”

नवरीच्या खोलीत त्या दोघी आणि माझी बायको. मी दाराबाहेर. आतलं बोलणं मला ऐकू येत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, काखेतही आहे, आता एक दिवस घालवायचा नाही. आक्का म्हणाली, लगीन इक्कीस दिसांवर हाय. बाई म्हणाल्या, “लग्नात तुम्ही उभ्या राहायला पाहिजेत की नाही? माझ्या गाडीत जागा आहे. आत्ता चला.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “केव्हापासून आहे?” दिवाळी ऐकल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आक्का गेली, बायको तिच्याबरोबर गेली. जाताना बायको मला म्हणाली, “गावात सांगा, ट्रेनिंगला गेल्या. अन् आज माह्याशी बोलू नका.” त्या बिल्ल्याचा असा उपयोग झाला हे मुख्य कार्यालयाला कुणी कळवलं नाही.

दिवस मावळायच्या आत मी वस्तीवर गेलो. दाजी मेंढरं वाडग्यात घालत होते. मी सांगितलं, आक्काची निवड झाली, शहरात मोठं प्रशिक्षण आहे, पंधरा दिवस तरी लागतील.

“कशाचं?”

“नेतृत्वाचं.”

दाजींनी विचार केला. “तिला ते काहून शिकवून राहिले? हितं तिचंच तर चालतं.”

मी हसलो. ते हसले नाहीत. वाडग्याचं कवाड लावून त्यांनी दोरी बांधली आणि पाठमोरे राहूनच विचारलं, “गुरुजी, गाठीचं काय म्हनले?”

मला खोटं पुढं रेटता आलं नाही. जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. मग विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

“दिवाळीलाच. येका कुशीवर झोपायची बंद झाली.”

“मग बोलला का नाहीत?”

“ती लपवून राहिली व्हती. बाईमानसाच्या तसल्या जागंचं मी कसं इचारावं? म्हनलं, तिचं तिला सांगू द्यावं.” त्यांनी मुंडाशानं तोंड पुसलं. “म्या बाळापूरला जाऊन पोराच्या बापाला सांगून आलो. सोयरीक व्हायच्या आदी. म्हनलं, मागून बट्टा नको.”

“ते काय म्हणाले?”

“म्हनले, माही माय त्याच बिमारीनं गेली. पोरगी आमच्या पसंतीची हाय. तुमी बायकोला दवाखान्यात न्या.”

मला दाजींचा संताप आला. आणि त्या संतापाला तोंड नव्हतं, कारण आठ दिवस मलाही माहीत होतं आणि मी त्या आठ दिवसांत सोळा माणसांसाठी दोन-दोन ओळी जुळवत बसलो होतो.

“तिला कळवा,” दाजी म्हणाले. “म्हनावं, बाळापूरची फिकीर करू नको. मला फोनवर बोलता यायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाजारातल्या एसटीडी बूथवरून दवाखान्यात फोन लावला. बायको आली, तिनं आक्काच्या हातात रिसीव्हर दिला. ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. मी आक्काला सांगितलं की दाजींना माहीत आहे, बाळापूरकरांनाही माहीत आहे, सोयरिकीच्या आधीपासून, आणि त्यांची काही हरकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट इतक्या थोडक्यात सांगितली.

फोन कटला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

“हाय मी,” आक्का म्हणाली. “मंग गुरुजी, म्या काहून थांबले?”